कुंतीचं कुंपण

शिवाजी पार्कच्या आमच्या सोसायटीत कुंतीच्या झुडपांचं कुंपण राखायला एक माळी यायचा. कात्री लावण्याआधी तो प्रत्येक झुडपावर तळवा ठेवून क्षणभर थांबायचा.

मला गाडीसाठी जागा हवी होती. आठवडाभर मी मुळांशी मिठाचं पाणी ओतलं. कुंपण वाळलं आणि कमिटीने माळ्याला काढलं. मी सेक्रेटरी असून गप्प राहिलो.

निघताना त्याने माझ्या खांद्यावर तसाच तळवा ठेवला. तो थंडगार होता.

"साहेब, मीठ पार आतपर्यंत उतरलंय," तो म्हणाला.

काल, इतक्या वर्षांनी, मीटिंगमध्ये मी सगळं कबूल केलं. नवी मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"काका, इथे कुंपण कधी होतं?" एकाने हळूच विचारलं. "आणि त्या माळ्याचं नाव काय?"

त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.