भिकाजीचा होकार

कुणकेश्वरात भिकाजी मेस्तरीकडून सरळ उत्तर काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी त्याचा शेजारी, म्हणून माझं डोकं सगळ्यांत जास्त फिरलेलं. "जेवलास?" विचारलं, तर "मगे काय उपाशी रवतलंय?" "करायला दिलेलं माझं दार कधी देतोस?" तर "दार काय पळान जातला?" एक्याऐंशीच्या जनगणनेला आलेल्या मास्तरांनी विचारलं, "आपलं लग्न झालंय?" भिकाजीनं लेकीकडे, यशोदेकडे बोट केलं. "ह्या चेडू काय माडावरसून पडला?" बायको कधीच वारली होती; तेवढं मात्र मला सांगावं लागलं.

पाच वर्षांनी यशोदेला खारेपाटणचं स्थळ आलं. मुलगा तिला आवडला, हे तिच्या कानांच्या रंगावरून अख्ख्या वाडीला कळलं. मुलाचे मामा श्रीपादराव कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी विचारलं, "मग स्थळ पसंत आहे ना?"

"असा स्थळ काय कोण सोडता?"

"म्हणजे होकार समजायचा?"

"मगे काय तुमका लिवन देव?"

मामा अर्धा चहा टाकून उठले. सोमवारी देवदर्शनाला येतोय, तेव्हा हो की नाही ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो, असं बजावून गेले.

यशोदा भडकली. "बाबा, व्हय म्हटल्यार तुमची जीभ झडतली?"

"जीभ काय तुझ्या बापाशीची?"

ती अर्थातच तिच्या बापाचीच होती.

सोमवारी देवळात यशोदेनं देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या हरिश्चंद्र गावकाराला गाठलं. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तिथे उलट प्रश्नाची सोय नाही. नारळ ठेवून गावकार गरजला, "बा देवा म्हाराजा! भिकाजीचा चेडू खारेपाटणाक देवचा ठरला आसा, तेका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. भिकाजी गप्प. मामा बघतायत, यशोदा बघतेय. मी त्याला कोपरानं ढोसलं, "अरे, म्हण की मेल्या!"

"व्हय म्हटलंय काय चेडू घरातसून जातला रे," तो पुटपुटला.

इतकी वर्षं ह्याला आडमुठा म्हणून शिव्या घातल्या, त्याची मला लाज वाटली. गावकारानं गाऱ्हाणं पुन्हा घातलं. ह्या खेपेला भिकाजी सगळ्यांच्या आधी ओरडला, एकटाच, "व्हय म्हाराजा!"