हात लावून पाहा

मनोहरभाऊ गेल्याची बातमी मोबाईलवर आली, आणि मला वाचता येत नाही. त्याचा फोटो दिसला, भोवती फुलं... मी म्हटलं, चलो, भाऊचा वाढदिवस! अंगठा दाबून दिला. वरून केकचं चित्रही पाठवलं. मग वहिनीचा फोन आला. रडता रडता म्हणे, "गजाभाऊ, तुमचा केक पाहून ते असते तं किती हसले असते!" हे सुद्धा मी बोलून राहिलो आणि माझी पोरगी लिहून राहिली. अक्षर तिचं, अक्कल माझी, म्हणून संभाळून वाचा.

भाऊचं आमच्या कांचघर मोहल्ल्यात पाट्या रंगवायचं दुकान. फ्लेक्स आलं आणि सारे पेंटर घरी बसले. भाऊनं आधी पोटभर शिव्या दिल्या, मग एक दिवस पाहतो तं मोबाईलवर बोटानं चित्र काढून राहिला! मी म्हटलं, "काहून भाऊ, दुश्मनाच्या घरी पाणी भरून राहिला का?" म्हणे, "पाणी नाही बे, त्याचा घोडा पळवून आणून राहिलो." ते चित्र विजय नगरातून फ्लेक्सवर मोठं छापून आणायचं, माझ्याच ऑटोत. मग चकाकी मरेपर्यंत त्याला खरखरीत रेगमाल कागद घासायचा, आणि वरून ब्रशनं, चिंधीनं, बोटानं रंग. मशीन कुठं संपली आणि भाऊ कुठून सुरू झाला, डोळ्याला कळत नव्हतं. हात लावला की कळायचं.

हे मला कळलं ते माझ्या अडाणीपणानं. बाजाराचं मोठं चित्र होतं, वर निळं आभाळ. मी ऑटोचा प्लग साफ करून आलो होतो, आणि रंग वाळला का पाहायला पूर्ण पंजा टेकवला. नव्हता वाळला. गमछ्यानं पुसायला गेलो तं आभाळ गमछ्यावर आलं आणि ग्रीस आभाळात गेलं. मी पळायच्या तयारीत. भाऊनं माझा गमछा ओढून घेतला आणि म्हणे, "पुसू नको बे. मशीनला जमते का हे?" माझ्या काळ्या पंजाच्या भोवतीनं त्यानं पाखरं काढली.

तेच चित्र त्यानं प्रदर्शनात नेलं. बाकीच्यांच्या चित्राखाली 'छूना मना है', याच्याखाली 'हाथ लगाइए'. हॉलचे सेक्रेटरी म्हणाले, "ये पेंटिंग है कि प्रिंट?" भाऊ म्हणे, "हाथ लगाके देखिए, साहब." साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. चित्र परत माझ्या ऑटोत. मी रस्ताभर साहेबाला शिव्या देऊन राहिलो. पण भाऊ म्हणे, "फोटो तं घरी बसून जग पाहते, गजा. हात लावायला माणसाला यावंच लागते. मी त्यालाच पेंटिंग म्हणतो."

भाऊ गेल्यावर तेच साहेब हार घेऊन घरी आले. म्हणाले, याच चित्राचं मोठं प्रदर्शन करू, भाऊचं नाव होईल. "बस, ऊपर काँच लगवा देंगे, और ये काला दाग साफ करवा देंगे." मी म्हटलं, "साहब, दाग मेरा है, मुझे ही साफ करवा दो." वहिनी हसली नाही. ज्या नावासाठी भाऊ जन्मभर हॉलच्या पायऱ्या चढला, ते नाव समोर उभं होतं, आणि ती म्हणाली, "काँच नहीं लगेगी. दाग भी रहेगा."

"खराब हो जाएगी, भाभीजी."

"होने दीजिए."

झालं. प्रदर्शन नाही, नाव नाही. चित्र दुकानात आहे, रस्त्याकडे तोंड करून. वहिनी रोज सकाळी शटर वर करते. भाजीवाल्या, माझ्या ऑटोतल्या सवाऱ्या, कोणीही येते, हात लावून जाते. आभाळ पार मळून गेलं आहे आणि माझा पंजा आता त्या गर्दीत शोधावा लागते. काल एका कॉलेजच्या पोरीनं फोटो काढायला मोबाईल उचलला, तं वहिनी आतून ओरडली, "पहले हाथ लगाओ, बेटा!"

पोरीनं आपला तळवा पाहिला. समोसा खाऊन आली होती. "आंटी, हाथ धो के आती हूँ."

"धोना मत," वहिनी म्हणाली.