चार वर्षांनी एक

दुपारचं जेवून गाव पेंगायला लागतं, त्या वेळी डॉक्टर तृप्ती वाकचौरे एका रिकाम्या हॉलमधल्या बाकावर टेकली आहे. तालुक्याचं हे गाव म्हणजे तिचं माहेर. लहान मुलांची सर्जन म्हणून इथंच बसायचं, असं तिच्या मनानं घेतलंय. जागेचे मालक गलांडेकाका वरच्या मजल्याची किल्ली आणायला गेलेत. खालच्या बियाण्याच्या दुकानातला उग्र वास जिन्यातून वर येतोय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

"वस्ती किती गं इथली?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला उकिडवे सर बसलेत. तिला सर्जरी शिकवली ती यांनी. तीन वर्षांपूर्वी ती त्यांच्या तिरडीमागून स्मशानापर्यंत चालली होती, हे तिला पक्कं आठवतंय. तरी ती उठून उभी राहते, वॉर्डात राहायची तशी.

"साठ हजार, सर."

"वर्षाला बाळंतपणं?"

"हजारभर."

"अन्ननलिका बंद असलेलं मूल चार हजारांत एक. म्हणजे चार वर्षांनी एक." सर हळू बोलतात. "तोवर हात काय करणार?"

"हर्निया, अपेंडिक्स..." ती बोटांवर मोजायला लागते.

भिंती नाहीत. आठवड्याचा बाजार भरलाय. भाजीच्या ढिगांमधून सगळं गाव रांगेनं येतंय आणि कुणालाच काही झालेलं नाही. माणसं नुसती तिच्याकडे बघतात नि पुढं सरकतात. रांगेच्या शेवटी कोण आहे ते तिला ठाऊक आहे. रांग संपू नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडते.

रांग संपते. शेवटच्या बाईच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. तोंडाला फेस, ओठ निळे.

सर मेथीच्या जुड्या बाजूला सारतात. "ठेव इथं. टाका बांध."

दोरा केसाएवढा. ती गाठ मारते, निसटते. पुन्हा मारते, पुन्हा निसटते. बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी.

"सर, तुम्ही करा ना!"

सर हात पुढं करतात. बोटांना पेरं नाहीत; मेणासारखी एकमेकांत वितळलेली.

"कॉलेजात शिकवायला यायच्या आधी मी चाळीस हजार वस्तीच्या गावात बसलो होतो. सहाव्या वर्षी असंच एक आलं. हात विसरले होते, तृप्ती. कुणाला बोललो नाही कधी."

"मग मी येऊच नको इथं?"

"असं कुठं म्हणालो?" सरांचा चेहरा पुसट होत चाललाय. "तू नसलीस म्हणून ते मूल जन्मायचं थांबणार आहे का? ओढ दोरा!"

ती जीव खाऊन ओढते.

"तृप्ती? पोरी, बरं वाटत नाही का?"

दारात गलांडेकाका उभे आहेत. तिचा ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलाय. ती बाकावरून उठते.

"काका, मी जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात काम धरते. तिथं हात चालता राहील. इथं दर मंगळवारी येईन."

"मंगळवार तर मंगळवार. अजिबात कुणी नसण्यापेक्षा बरं." काका हातातली किल्ली फिरवतात. "पण बुधवारी कुणाचं लेकरू अडलं तर गं?"

कपाळ पुसायला तृप्ती हात उचलते आणि तो तसाच राहतो. उजव्या तर्जनीच्या पेरावर केसाएवढी खाच पडली आहे, दोरा घट्ट ओढल्यावर पडते तशी. महिनाभर तिनं दोऱ्याला हात लावलेला नाही. खाचेतून रक्ताचा एक थेंब वर येतोय.