एकही पान आडवं नाही

दादा गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. वहिनी अजून हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करत होती, भाचा नीरज पुण्याहून निघालाही नव्हता, आणि इकडे पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर दादाचं नाव, हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि वर तो फोटो. लांब पांढऱ्या शेपटीचा दूधराज, घरटं, घरट्यात वासलेल्या तीन चोची. भावासाठी रडू येण्याआधी मला त्या फोटोची शिसारी आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच. गेल्या दिवाळीत दादानं माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. आपल्या मागे तो फोटो कुणाला लावू द्यायचा नाही.

आम्ही अधारतालचे, नर्मदेकडच्या हिंदी मुलखातले. वडील फॅक्टरीत होते, मग दादाही तिथंच लागला आणि रविवारी पक्ष्यांमागे फिरू लागला. त्याच्याकडे एक जुना फिल्मचा कॅमेरा होता आणि सोबत एकशेपस्तीस मिलिमीटरची लेन्स. तिच्यातून चिमणीएवढा पक्षी मोठा हवा असेल तर अगदी चार हातांवर जाऊन बसावं लागे. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तिपाई सांभाळत स्कूटरवर मागे बसायची. मझौलीच्या पुढे एका आमराईत त्याला दूधराजचं घरटं सापडलं. त्यानं खाकी कापडाचा आडोसा उभारला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाला की पानं मध्ये येताहेत. मी पानं तोडली. एकेक करून, देठापासून, चांगली निगुतीनं. दोन डहाळ्या सुतळीनं मागे बांधल्या. फोटो निघाले. सुतळी सोडायला विसरलो नाही, मुद्दाम तशीच ठेवली, कारण पुढच्या रविवारी उरलेला रोल संपवायचा होता.

पुढच्या रविवारी घरटं रिकामं होतं. आमराई राखणारी म्हातारी झाडाखाली बसली होती. ती रागावली नाही, तिनं नुसतं सांगितलं, "कौआ ले गया, भैया. अब तो दूर से दिखता था न."

तरीही दादानं तो फोटो स्पर्धेला पाठवला. माणूस गेला की त्याचा देव करायची आपल्याला फार घाई असते, म्हणून हेही लिहिते. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तो कॅलेंडरवर आला, साहेबांच्या केबिनमध्ये लागला. दादाचं नाव झालं. मीही मैत्रिणींना मिरवत सांगितलं. पानांचं मात्र दोघांपैकी कुणीच कुणाला बोललं नाही.

नंतर त्यानं ती लेन्स ट्रंकेत टाकली ती टाकलीच. काही वर्षं नुसती झाडं आणि नर्मदेचा काठ काढत राहिला. मग कुणाकडून तरी वापरलेली पाचशे मिलिमीटरची लेन्स आणली. ती इतकी जड की खांद्याला वळ उठायचे, आणि फोकस हातानं करावा लागायचा. सगळे लांबची लेन्स घेतात ती पक्षी मोठा दिसावा म्हणून. दादानं घेतली ती आपले पाय मागेच राहावेत म्हणून. शहापुऱ्याकडच्या तळ्यांवर तो बांधावर उभा राही, आणि पक्ष्यानं मान वर केली की दोन पावलं मागे सरके. त्याच्या फोटोत पक्षी बारीकसे दिसत. पुन्हा कधी बक्षीस मिळालं नाही.

बरोबरची तरणी मंडळी "अंकल, थोडा आगे तो चलिए" म्हणून हसायची. त्यांच्याकडे याच्याहून भारी लेन्स, तरी ती घरट्यात घुसणार. मोबाइलवर मादीचा आवाज लावणार, आणि बिचारा नर वेड्यासारखा फांद्या धुंडाळायला लागला की धडाधड फोटो. दिवाळीत अशाच एका सहलीहून दादा परत आला, हातपाय धुतले आणि ताटावर नुसता बसून राहिला.

"किळस येते, शोभा," तो म्हणाला. "त्यायची नाही. माझाच तो फोटो पाहून शिकून राहिले न सगळे. मी गेल्यावर तो कुठं लावू देऊ नको."

"काहून? तुझं नाव आहे त्याच्यावर."

"म्हणूनच."

मी हो म्हटलं.

शोकसभेच्या हॉलमध्ये शिरले तर समोर भिंतभर फ्लेक्स. तोच दूधराज, त्याला झेंडूचा हार. नीरजनंच पाठवला होता, त्या पोराला काय माहीत. ग्रुपचे अध्यक्ष माइकवर सांगत होते की नव्या मुलांनी या फोटोचा अभ्यास करावा. "देखिए, कितना साफ फ्रेम है. एक पत्ता भी बीच में नहीं." मग मला बोलावलं. मी उठले, आले त्या सर्वांचे आभार मानले आणि येऊन खाली बसले. एवढंच. आयुष्यभर ऑफिसात भांडलेली बाई मी, पण तिथं तोंड उघडलं नाही, कारण पानं तोडणारे हात माझे होते. वर त्यांचा समोसाही खाल्ला. निघताना एकानं हळूच विचारलं, "दीदी, वो पाँच सौ वाला लेन्स भैयाजी का... अब कौन चलाएगा?" त्याची किळस आली की माझी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून मग हे इथं लिहिलं. संपादकांनी लेखासोबत "तो प्रसिद्ध फोटो" मागितला होता. तो मी दिला नाही. दादाच्या जेवणाच्या टेबलावर, वहिनीच्या खुर्चीसमोर, एक दुसरा फोटो आहे. पलीकडच्या बांधावरून काढलेलं भरगच्च जांभळाचं झाड, बाकी काही नाही. त्या झाडात त्या वर्षी दूधराजचं तीन पिल्लांचं घरटं होतं, आणि दादा वहिनीला घेऊन महिनाभर बांधावर जाऊन बसत होता. तो फोटो वहिनीला विचारून लेखाआधीच पाठवला.

दोन दिवसांनी संपादकांचा फोन आला. "ताई, चुकून दुसरा फोटो आलाय का? यात पक्षी कुठं दिसतच नाही."

"कावळ्यालाही नाही दिसला," मी म्हटलं. "तिन्ही पिल्लं उडाली."