श्रीशिवाय चौदा कार्डं

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत जिन्याखालून तीन पायऱ्या उतरल्या की एक खोली होती. घरमालकाच्या कागदावर ती कोळशाची खोली, चाळीच्या तोंडी तळघर, आणि सासूबाईंच्या तोंडी ‘आमची खालची खोली’. उतरायला पायऱ्या होत्या, पण उतरून पाय ठेवायला जागा नव्हती. दार उघडलं की पहिली ट्रंक गुडघ्याला लागायची.

त्यात आमचं स्वतःचं सामान थोडंच. गावाहून नोकरीला आलेला प्रत्येक माणूस पहिले आठ दिवस आमच्याकडे उतरायचा, मग लालबाग, परळ, कॉटन ग्रीन, मिळेल तिथं बिऱ्हाड करायचा, आणि निघताना ट्रंक ठेवून जायचा. “वयनी, दोन दिवसांत नेतंय.” कोणाकोणाच्या त्या दोन दिवसांना बारा वर्षं झाली होती. ट्रंका, वळकट्या, भजनातला फुटका मृदंग, सायकल नसलेलं सायकलचं हँडल. त्यावर चाळीतल्या पोरांनी मोर्च्याचे फलक आणून टाकलेले. एक फलक दारामागेच उभा असायचा, ‘मुंबई आमच्या हक्काची’. मुंबई असेल बापडी. ही खोली कोणाच्या हक्काची, ते कोणी लिहीत नव्हतं.

दर दसऱ्याला सासूबाई म्हणायच्या, “ह्या खेपेक खोली साफ करूया.” दार उघडायच्या, कमरेवर हात ठेवून बघायच्या, दार लावायच्या आणि वर येऊन चहा टाकायच्या. माझे यजमान परळच्या गिरणीतून दमून येत. ते दारही उघडत नसत.

माझं त्या खोलीवाचून काही अडलं नव्हतं. पण त्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटीचा प्रवास अजिबात करायचा नाही. म्हणजे आईनंच इकडे यायचं, आणि तेही पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत. वरच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. दोघे दीर आधीच गॅलरीत झोपत. आई झोपणार कुठे?

घाबरत घाबरत विषय काढला. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “खालची खोली मोकळी कर आणि बोलव तुझ्या आवशीक.”

नाही म्हणाल्या नाहीत, ह्याचंच मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथं त्यांना वाकून नमस्कार केला. “आता ह्या कित्याक?” म्हणत त्यांनी पाय मागे घेतले. शेवटच्या बोटीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

शेजारच्या बिऱ्हाडात एक कारकून भाऊजी राहत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, माणूस आल्याशिवाय सामान हलत नाही. कार्डं टाका. पाल्हाळ लावू नका, मुद्द्याचं लिहा.”

माझी शाळा तिसरीत सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. गावी आमची पत्रं मास्तर लिहीत आणि आलेली मास्तरच वाचत. मी जन्मात पत्र लिहिलं नव्हतं. पहिल्या कार्डावर वर श्री, मग तीर्थरूप, मग साष्टांग नमस्कार, एवढ्यातच कार्ड भरलं. माझं अक्षर मोठं. दुसऱ्यापासून म्हटलं, मुद्द्याचं लिहू. पण ‘तुमची ट्रंक घेऊन जा’ असं कसं लिहायचं? मोठी माणसं. सून डोक्यावर बसली म्हणतील. तासभर पेन चावून शेवटी लिहिलं: ‘पत्र पाहताच निघून यावे. उशीर करू नये. बाकी समक्ष.’ खाली यजमानांचं नाव. अशी चौदा कार्डं लिहून अक्षराला कोणी हसू नये म्हणून कोणाला न दाखवता पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई भाजी चिरत बसल्या होत्या. जिन्यातूनच हंबरडा ऐकू आला. लालबागच्या काकी दारातून थेट सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. “काय गो झाला ह्या! कसा झाला!”

काकींच्या घरात कोणीतरी गेलं, असं समजून सासूबाईंनीही विळी बाजूला सारून गळा काढला. दोघी एकमेकींना धरून मनसोक्त रडल्या. मी पाणी घेऊन उभी. शेवटी नाक पुसत सासूबाई म्हणाल्या, “पण गेला कोण?”

काकी रडायच्या थांबल्या. “माका काय म्हाईत? तुमच्याकडचा कोण गेला?”

“आमच्याकडचा? रडत तू इलंस ना!”

“तुमचा पत्र इला म्हणान!” काकींनी कनवटीचं कार्ड काढलं. “वर श्री नाय. वाटेत म्हटला, वयनी, तूच गेलंस. हय तुका बघितलंय, म्हटला दुसरा कोणतरी. मोर्च्यापायी बस मिळाक नाय, लालबागसून रडत चलत इलंय मी!”

मी तांब्या खाली ठेवला. पत्रावर श्री नाही म्हणजे मेल्याची बातमी. गावात शेंबड्या पोरालाही हे माहीत. मलाही माहीत होतं. फक्त आपण लिहायला बसलो की ते आपल्यालाही लागू होतं, हे सुचलं नव्हतं.

“अशी किती लिवलंस?” सासूबाईंनी विचारलं.

“चौदा,” मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्यात पुन्हा रडणं ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत माणसं येतच राहिली. परळचे भावोजी खांद्यावर पंचा टाकून आले आणि जिवंत सासूबाईंना बघून दारातच बसले. कॉटन ग्रीनचे मामा मात्र व्यवहारी माणूस. ऐनवेळी धावपळ नको म्हणून ते बांबू आणि सुंभ घेऊनच आले होते. चाळ गॅलरीत जमली. मी चुलीमागे उभी राहून रडत होते. आता आईचं येणं संपलं, आणि बहुतेक माझं राहणंही.

सासूबाई दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होत्या. मग मला दिसलं, त्या मोजतायत. कोण आलं, कोण किती रडलं. स्वतःच्या मरणाला एवढी गर्दी बघून त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढलं. पदर खोचून त्या उठल्या.

“माझ्यासाठी रडलात मा सगळे?”

“होय गो वयनी.”

“मग मी खरीच मेलंय तर तुमच्यो ट्रंको कोण सांभाळतलो? चला खाली!”

कोणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. मेलेल्या माणसाचा शब्द मोडता येईल, पण नुकत्याच जिवंत झालेल्याचा कसा मोडणार? कॉटन ग्रीनच्या मामांचा बांबू शेवटी कामाला आला. सुंभाने ट्रंक बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा, आणि “हळू रे, हळू!” करत चाळीबाहेर काढायची. समोरून येणारे अनोळखी लोक बाजूला होऊन हात जोडत होते. काकींनी बारा वर्षांनी आपली ट्रंक उघडली, तर आत एक मोडकी छत्री आणि दुसरं कुलूप. त्याची किल्ली जपून ठेवून काकी सबंध बारा वर्षं ते कुलूप शोधत होत्या.

तिसऱ्या दिवशी खोलीची फरशी दिसली. ती लाल होती, हे सासूबाईंनाही आठवत नव्हतं. मोर्च्याचे फलक तेवढे भिंतीला लावून ठेवले. ते हलवायला कोणी तयार नव्हतं, आणि खरं तर मीही नव्हते.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे कार्ड ठेवलं. “लिव आवशीक. पयली श्री घाल. मोठी.”

मी एवढी मोठी लिहिली की खाली ‘आई, ये’ एवढंच मावलं.

आई शेवटच्या बोटीनं आली. सांगत होती, पोस्टमननं कार्डावरची श्री बघूनच कुंपणाबाहेरून हाक दिली, “काकी, बरी बातमी हा!” श्रावणात मुलगी झाली. आई त्या लाल फरशीवर माझ्याशेजारी तीन महिने झोपली.

बोटी सुरू झाल्यावर ती परत निघाली. येताना आणलेली ट्रंक तिनं तीन पायऱ्या उतरून भिंतीशी नीट लावून ठेवली.

“असू दे ही हयच,” ती सासूबाईंना म्हणाली. “पुढच्या खेपेक नेतंय.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फलकावरचं ‘आमच्या हक्काची’ वाचत राहिले.