बळदाची भिंत

शहात बस्तावी भिंतीशी बोलतो, असं खोदकामावरची माणसं म्हणत. खरं तर तो तिचं ऐकत असे. इजिप्तमधल्या फयूमच्या माळावर रोमन काळातली गावं मातीखाली गेली आहेत आणि त्यांच्या भिंतीही मातीच्याच. कच्ची वीट आणि तिच्यावर पडलेला ढिगारा, दोन्हींचा रंग एकच. शहात थापीच्या मुठीने हलकेच ठोकायचा. वीट असली की आवाज भरीव यायचा, ढिगारा असला की पोकळ. मग तो रेघ ओढायचा आणि माणसं त्या रेघेपर्यंतच खणायची. चाळीस हंगामांत रेघ चुकली नव्हती.

"काय म्हणते भिंत, काका?" नूबी विचारायचा. तो टिकाव चालवायचा, शहातच्याच कुफ्त गावचा.

"म्हणते, या नूबीला नुसतं बोलायला ठेवलंय का?"

गेल्या हंगामात शहातचा डावा कान गेला, यंदा उजवाही जायला लागला. त्याने कोणाला सांगितलं नाही. माणसांचे ओठ पाहून भागत होतं. भिंतीला ओठ नसतात. तो हाताच्या अंदाजाने रेघा ओढू लागला.

डॉक्टरबाई नादिरा इथल्या कामाच्या प्रमुख. त्यांना एखाद्या शेतकऱ्याच्या घरातलं धान्याचं बळद हवं होतं. करापोटी गव्हाचा भरणा नाईलवरून पार रोमला जायचा. तो दिल्यावर पिकवणाऱ्याच्या घरात खायला किती उरायचं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आजवर सापडलेली बळदं सगळी ढासळलेली. एक धड मिळालं तर माप घेता येणार होतं.

सोमवारी सकाळी शहातने ठोकलं. कानात काहीच आलं नाही. तरी त्याने रेघ ओढली आणि टिकाव स्वतःच घेतला. यंदा भिंतीजवळचं काम तो दुसऱ्याला देत नसे. अर्धा तास एका लयीत खणलं. नूबीची सावली हातावर पडली तेव्हा त्याने वर पाहिलं.

"तिसऱ्यांदा सांगतोय, काका. आवाज बदललाय."

शहातने घमेल्यातलं ढेकूळ उचललं. एका बाजूला गिलावा होता. गिलाव्यावर चार बोटं ओढल्याच्या खुणा, कोणीतरी हाताने सारवलेलं. खाली गव्हाचा कोंडा काळा पडला होता. बळद होतं ते, आणि त्याची पुढची भिंत शहातने पायापर्यंत काढून टाकली होती.

नूबीने तंबूकडे पाहिलं. तिकडून कोणी येत नव्हतं. तो शहातच्या समोर आला आणि सावकाश बोलला, "इथे दार होतं म्हणू. कोणाला कळणार आहे?"

कळलं नसतं. नकाशात दार उमटलं असतं आणि कायमचं दारच राहिलं असतं.

तेवीस वर्षांपूर्वी याच माळावर गालिबने अशीच भिंत कापली होती. गालिब त्याचा थोरला भाऊ. शहातच्या हातात थापी दिली ती त्यानेच, ठोका किती हलका द्यायचा तेही त्यानेच शिकवलं. पण मुकादम शहात झाला होता. "दादा, डोळे फुटले का तुझे?" असं तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि त्याच आठवड्यात भावाला गावी धाडलं. गालिबने बोचकं बांधलं. पुन्हा खोदकामावर आला नाही, शहातच्या दारातही आला नाही. पुढच्या माणसाच्या पावलांच्या आवाजामागून चालत त्याने आयुष्यभर उसाच्या मोळ्या वाहिल्या. तो गेला तेव्हा शहात मातीलाही पोहोचला नाही. नंतर भेटायला गेला तर रतीबा वहिनीने सांगितलं, भिंत कापली त्या हिवाळ्यातच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती.

शहात ते ढेकूळ घेऊन तंबूत गेला.

"डॉक्टरबाई, बळदाची भिंत मी कापली. मला ऐकू येत नाही."

बाईंनी ढेकूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या, की नुसती देखरेख करा, पण कामावर थांबा.

"दादाला मी थांबवून घेतलं नव्हतं."

बाईंनी कागदावर तुटक रेघ काढली. तिचा अर्थ, इथे भिंत होती. तिची जाडी आता कोणी मोजू शकणार नव्हतं, म्हणून बळदाचं मापही अंदाजाचंच राहणार होतं. शहातने थापी पुसून नूबीला दिली. नूबीने या वेळी थट्टा केली नाही.

काम सोडून कुफ्तला उतरल्यावर तो आपल्या घरी गेला नाही, आधी गालिबच्या अंगणात गेला. रतीबा उन्हात ठेवून फुगवलेल्या पिठाच्या भाकऱ्या फळीवरून भट्टीत सारत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: भिंत, कान, तो जुना दिवस. "वहिनी, दादाला विचारायला हवं होतं मी. विचारलं नाही."

तिची पाठ त्याच्याकडे होती. हातातली फळी थांबली. ती काहीतरी बोलली, बरंच बोलली. मान हलली, एकदा खांदा हलला. शहातला एक अक्षर ऐकू आलं नाही.

पुन्हा सांग, असं म्हणता आलं असतं. पण तेवीस वर्षांनी निघालेलं बोलणं दुसऱ्यांदा कसं मागायचं? ती वळेपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. वळली तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते.

तिने त्याच्यासमोर एक भाकरी ठेवली. दारी आलेल्या कोणालाही ती ठेवते.