मागच्या चाकांची कुरकुर

ती कुरकुर अजून माझ्या कानात आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले. पण एका पांढऱ्या मोटारीच्या मागच्या बाजूने येणारा तो आवाज विसरता येत नाही. त्या प्रकरणात मी एका सरळ माणसाला आत घालायला निघालो होतो, आणि त्यासाठी मला कुणाचा फोन आला नव्हता की कुणाचा दबाव नव्हता.

खरं सांगायचं तर मी तेव्हा जळत होतो. भोकरच्या बाजूला एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. माझ्याच तुकडीतला एक मित्र धर्माबादकडच्या ठाण्यावर होता. त्याने वाहनचोरांची एक मोठी टोळी धरली. पेपरात फोटो आला, वरिष्ठांनी क्राइम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. प्रशिक्षणात मी त्याच्या पुढे होतो. परेडला त्याचा पाय हमखास चुकायचा. मी टाळ्या वाजवल्या, पण समोरचा समोसा काही घशाखाली उतरला नाही. माझ्या ठाण्यात शेळीचोरी, बांधावरची भांडणं आणि दारू पिऊन घातलेला गोंधळ. अशाने कुणाचा फोटो येतो का?

त्याच आठवड्यात तो तक्रार अर्ज आला. अर्जदार लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. मूळ गाव आमच्या हद्दीत. घरी म्हातारी आई आणि थोरला भाऊ. हा दर रविवारी नव्या मोटारीने आईला भेटायला यायचा. त्याचं म्हणणं असं, की गावाहून परतल्यावर दोन दिवस गाडी ठीक असते आणि मग मागच्या चाकांजवळून करकर, कुरकुर सुरू होते. लातूरच्या मेस्त्रीने मागच्या जोडणीतले रबराचे बुश दोनदा बदलले. तिसऱ्या वेळी मेस्त्री म्हणाला, "सर, गाडी कुठं उभी करता? खालून कुणीतरी हात लावतंय."

"तुमचा संशय कुणावर?" मी विचारलं.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सांगायला जीभ रेटत नाही, साहेब. दादावर. लातूर रोडला मी ऐंशीच्या वेगाने जातो. मागचं चाक निसटलं तर?"

मी अर्ज दोनदा वाचला. सख्ख्या भावाच्या गाडीत घातपात, खुनाचा प्रयत्न. माझ्या डोळ्यांसमोर पेपरातला चौकोन आला आणि त्यात या वेळी फोटो माझा होता.

चौकशीला मी एक जुना जमादार पाठवला. घरासमोर एका शिंप्याचं दुकान होतं, आणि गावात शिंप्याच्या नजरेतून काही सुटत नाही. शिंप्याने जमादाराला सांगितलं, "रविवारी दुपारी जेवणं होऊन घर आडवं झालं, की थोरला गोणपाट अंथरून गाडीखाली शिरतो. हातात डबडं आसतं. धाकटा उठायच्या आत हात धुऊन मोकळा."

पुढच्या रविवारी सापळा लावला. अर्जदाराला सांगितलं, नेहमीसारखं जेवा आणि झोपा. साध्या वेशातले दोन शिपाई शिंप्याच्या दुकानात मापं देत बसले. तीनच्या सुमारास थोरला गाडीखालूनच उचलला गेला. डबडं, फडकं आणि एक पाना पंचांसमक्ष जप्त केला. मोटारही ठाण्याच्या आवारात आणली. मागोमाग धाकटा आला, आणि हातात डब्बा घेऊन म्हातारी आई. लेकाला ठाण्यात खायला देतील की नाही, याची तिला काळजी.

थोरला पन्नाशीचा, रापलेला माणूस. पंचवीस वर्षं त्याने काळीपिवळी जीप चालवली होती, भोकर ते नांदेड. रस्ता झाला, मोटारसायकली झाल्या, प्रवासी आटले आणि जीप भंगारात गेली. आता तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. मी त्याला बसायला सांगितलं नाही. 'अरे-तुरे'वरच सुरुवात केली.

"गाडीखाली काय करत होतास?"

"तेल मारून राहिलो होतो, साहेब."

"तेल कशाला?"

"कुरकुर करून राहिली म्हनून."

"आणि बोल्ट किती ढिले केलेस?"

"येक बी न्हाई. पाना निस्ता संगं आसतो."

सगळे गुन्हेगार सुरुवातीला अशीच सारवासारव करतात. मी खुर्ची पुढे ओढली आणि जो प्रश्न गेले पंधरा दिवस माझ्याच पोटात होता, तोच त्याला विचारला. "भावावर जळतोस ना?"

त्याने दाराकडे बघितलं. बाहेर पायरीवर त्याची आई बसली होती.

"हाव साहेब. जळतो की. लई जळतो." एवढं बोलून तो थांबेल असं वाटलं, पण त्याला आता थांबवत नव्हतं. "मह्या जीपमधी माय कधी पुढं बसली न्हाई. पुढची शीट भाड्याची. माय म्हनायची, पाशिंजर बसू दे, म्या मागं बसते. दाटीवाटीत, पाय वर घेऊन. आन् हेच्या गाडीत पुढं बसती, काच खाली करून. समदं गाव बघतंय. मला वाटतं, म्या पंचवीस साल चक्कर मारल्या, मायला एकदा बी पुढं बसवलं न्हाई. त्या गाडीखाली शिरलो ना साहेब, की तेवढा येळ ती मही हाय आसं वाटतं."

मी हे ऐकलं आणि जबाबात लिहिलं: 'भावाविषयी मनात द्वेष असल्याचे कबूल करतो. त्या रागातून वाहनाखाली शिरत असल्याचे कबूल करतो.' त्याने द्वेष हा शब्द उच्चारला नव्हता, राग तर नव्हताच. लिहिताना ते मला कळत होतं. तरी मी लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. त्याने न वाचता पेन हातात घेतलं.

तेवढ्यात आमचा चालक हवालदार दारात आला. "साहेब, सहीच्या आदी जरा बाहेर येता का?"

मी चिडूनच गेलो. हवालदार मोटारीची डिकी दोन्ही हातांनी दाबून सोडत होता. दर दाबाला खालून करकर येत होती. "समदे बोल्ट बघितले. कंपनीच्या खुणेवर हायत, येक सूत बी हललं न्हाई," तो म्हणाला. मग त्याने काळं बोट माझ्यासमोर धरलं. "हे इंजनातून काढलेलं काळं ऑइल. आपल्या जुन्या जीपला न्हाई का, पाट्यांवर मारायचो? लोखंडाचे पाटे एकावर एक घासले की वाजायचे, तेल मारलं की गप. सगळे जीपवाले हेच करतात. पण ह्या गाडीला पाटेच न्हाईत. हितं रबर हाय. धूळ बसली की ते बी जरासं वाजतं. रबराला तेल पाजलं की दोन दिस गप ऱ्हातं, मग फुगून मऊ पडतं आन् दुप्पट वाजतं. ह्यानं मारायला न्हाई, बरं करायला हात लावलाय."

थोरल्याला बाहेर बोलावलं. तो बुश बघत खाली वाकला. हवालदाराने समजावलं तेव्हा त्याचा चेहराच उतरला. "म्हंजी म्याच खराब केली?"

धाकटा पुढे झाला. "दादा, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, गाडीला हात लावू नको म्हणून?"

"सांगितलंस की. म्हनून तर तू झोपल्यावर लावला." मग तो खाली मान घालून म्हणाला, "तू गावात शिरलास की चौकातली मान्सं हसायची, बारक्या. मास्तरची गाडी रडत आली म्हनायची. मला ऐकवंना."

आई पायरीवरून उठली, डब्बा थोरल्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "खाऊन घे आदी." धाकट्याने खिशातून चावी काढली. त्याने ती दादाच्या शर्टच्या खिशात टाकली आणि स्वतः मागचं दार उघडून बसला. थोरला थोडा वेळ चावी चाचपत उभा राहिला. मग त्याने पुढचं दार उघडून धरलं.

"पुढं बस, माय."

म्हातारी पुढे बसली. तो मोटार इतक्या हळू चालवत फाटकातून गेला, की पहाऱ्यावरचा शिपाईही बाजूला होऊन बघत राहिला. फाटकाजवळच्या खाचेवर ती मोठ्यांदा कुरकुरली आणि आत बसलेले तिघंही हसले.

मी आत आलो, तो बिनसहीचा जबाब फाडला आणि अर्जावर शेरा मारला: 'गुन्हा घडलेला नाही, अर्ज निकाली.' हवालदाराला चहा सांगितला. मी त्या माणसाला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, हे मला चहा पिताना आठवलं.

जळणारा माणूस घात करतोच, असं मी धरून चाललो होतो, कारण जळण्याचा मला तेवढाच एक प्रकार ठाऊक होता. तो माणूस जळत होता आणि तरी भावाच्या गाडीचा आवाज बंद करायला तिच्याखाली शिरत होता. मी जळत होतो आणि कागदावर भलते शब्द लिहीत होतो. त्या दिवशी त्या ठाण्यात घात करायला निघालेला माणूस एकच होता, आणि तो टेबलाच्या अलीकडे बसला होता.

संध्याकाळी मी धर्माबादच्या मित्राला फोन लावला. मीटिंगनंतर त्याला साधं 'अभिनंदन'ही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं.

तो हसला. "आज आठवण झाली व्हय? मला वाटलं, जळून राहिलास मह्यावर."

"हाव," मी म्हणालो. "जळतो की. लई जळतो."

तो म्हणाला, "रविवारी जेवायला ये."

मी गेलो.